अपील टाकलं, पण स्थगिती घेतली का? गायरानावरच्या घरांचा खरा प्रश्न

गायरानावरचं घर काढा अशी नोटीस आली की गावात पहिला सल्ला मिळतो, "अपील टाक, मग कोण हात लावत नाही." हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात घर जातं. अपील दाखल झालं म्हणजे कारवाई आपोआप थांबते, असं होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ५ मध्ये तर सरळ लिहिलंय की नुसत्या अपिलानं खालच्या हुकमाची अंमलबजावणी थांबत नाही. महसुलातही स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मिळाल्याचा लेखी कागद हातात असावा लागतो. जेसीबीपुढं अपिलाची पोच दाखवून काही होत नाही.

हा विषय थोड्या लोकांचा नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरान अतिक्रमणाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. तेव्हा सरकारनं दिलेल्या माहितीत राज्यभर गायरानावर सुमारे २ लाख २२ हजार बांधकामं होती. त्या वर्षाअखेर ती काढा असा आदेश निघाला आणि गावोगावी नोटिसांचा पाऊस पडला. तेव्हापासून नोटीस हा शब्द ऐकला तरी माणूस दचकतो.

यातली गंमत बघा, गंमत म्हणायची तरी कशी. काही ठिकाणी त्याच गायरानावर घरकुलं उभी आहेत. सपाट भागात १ लाख २० हजारांचं सरकारी अनुदान, ग्रामसेवकाची पाहणी, इंजिनिअरचे फोटो, सगळं रीतसर. आणि नंतर तेच घर अतिक्रमण. कुटुंब विचारतं, मग पैसे कशाला दिले? प्रश्न रास्त आहे. पण कोर्टात एवढ्यावर भागत नाही. नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. लाईट बिल तर नव्हेच. मात्र तुम्ही तिथं किती वर्षं राहताय हे दाखवायला हेच कागद कामी येतात, कारण राहत्या अतिक्रमणांबाबत शासनाच्या धोरणात १ जानेवारी २०११ ही तारीख धरलेली आहे. त्याआधीची पावती असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

आता मुदतीचं. जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली तहसीलदारांनी अतिक्रमण काढायचा आदेश दिला तर अपील प्रांताकडं जातं, मुदत ६० दिवस. आदेशाची नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज आदेश कळला त्याच दिवशी टाकायचा. लोक इथंच फसतात. ६० दिवस आहेत म्हणून माणूस निवांत बसतो, सोयाबीन काढून झालं की बघू म्हणतो. पण आदेशात घर काढायला आठ दिवस दिलेले असतील तर नवव्या दिवशी यंत्र येऊ शकतं. अपिलाची मुदत आणि घर पाडायची मुदत ही दोन वेगळी घड्याळं आहेत.

ही फट भरायला कलम २५६ आहे. अपील ऐकणारा अधिकारी स्थगिती देऊ शकतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण अपील दाखल व्हायच्या आधी, अपिलाची मुदत संपेपर्यंत, ज्यांनी आदेश दिला ते तहसीलदारसुद्धा स्वतःच्या आदेशाला स्थगिती देऊ शकतात. हा अर्ज करणारे फार कमी. तो लेखीच करा आणि पोच घ्या. तोंडी "बघतो" म्हटल्याला किंमत नाही.

स्थगिती देताना तीन गोष्टी बघितल्या जातात: तुमच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी दम आहे का, कारवाई थांबवल्यानं कुणाचं जास्त बिघडतं, आणि नंतर केस जिंकलात तरी भरून न येणारं नुकसान होणार आहे का. तिसरी बाजू राहत्या घराची सगळ्यात भक्कम. पाडलेलं घर निकालानं परत उभं राहत नाही.

उत्तराखंडातल्या हल्द्वानीचं उदाहरण घ्या. रेल्वेच्या म्हटल्या जाणाऱ्या जमिनीवर चार हजारांवर घरं. २० डिसेंबर २०२२ ला तिथल्या उच्च न्यायालयानं आठवड्याच्या नोटिशीवर ती हटवायला सांगितलं. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ५ जानेवारी २०२३ ला स्थगिती मिळाली. हजारो माणसं सात दिवसांत अशी उठवता येत नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पण जमीन लोकांची झाली नाही. वेळ मिळाला, आणि २०२४ मध्ये पुनर्वसनाची योजना आणा असं सरकारला सांगितलं गेलं.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर निकालाचा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्यात पाडायच्या आदेशानंतर अपिलासाठी १५ दिवस द्या असं आहे, हे खरं. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाईन, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागा आणि कोर्टानंच पाडायला सांगितलेली बांधकामं त्यातून वगळली आहेत. सरकारी बाजू गायरानही त्याच रांगेत बसवायला बघणार. त्या मेसेजच्या भरवशावर झोपू नका.

दुसरी बाजूही मांडतो, कारण मीही जनावरं पाळतो. गायरान गेलं की चारा विकत, आणि दूध परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ ला गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हटलं ते उगाच नाही. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जमिनींना अपवाद ठेवलाय. स्थगितीचा गैरफायदा घेणारेही आहेत. गायरानात एकरानं ऊस लावायचा, चांगला वकील द्यायचा आणि वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या. दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईला मात्र नक्कल काढायला तालुक्याला दोन खेपा घालाव्या लागतात, प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. दोघांना एकच शिक्का, अतिक्रमणधारक. माझ्या मते ग्रामसभेनं ही दोन नावं वेगळी करून ठराव घ्यावा. राहतं घर एका यादीत, पिकाखालचं क्षेत्र दुसऱ्या यादीत. ठराव कोर्टाला बांधील नसतो, पण अपिलाला जोडता येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असणारे यांना तिथं मोफत वकील मिळतो. जाताना नोटीस, आदेशाची नक्कल, जुन्या पावत्या आणि घराचे फोटो सोबत न्या, आणि पहिल्याच भेटीत सांगा, "अपिलासोबत स्थगितीचा अर्जही टाका."