उकळून प्या, म्हणे!

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय : गटारातून जाणारी पिण्याच्या पाण्याची लाइन

महोदय,

आमच्या अर्जांवर ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा शेरा मारून आपल्या पाणीपुरवठा विभागाने फाइल बंद केली, त्याबद्दल आभार. निराकरण कोणाचं झालं, तेवढं कळवा. लाइन अजून गटारातच आहे. गल्लीच्या तोंडाशी ती चिरली आहे, तिथे आपल्याच माणसांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. आता त्या पट्टीवर शेवाळ धरलंय. पहाटे पाणी सुटलं की पहिली बादली काळपट येते, वास मारते. ती आम्ही ओतून देतो. दुसरी नितळ दिसते, आणि आजारी पाडते तीच.

घरोघरी आव आहे. मुरडा, गोळ्या, चार दिवस बरं, पुन्हा मुरडा. पोरांना फेसाळ, घाण वासाचे जुलाब; अंगी काही लागत नाही. शौचाच्या तपासणीत अमिबा, नाहीतर जिआर्डिया. आपल्या अहवालात मात्र पाणी ‘पिण्यायोग्य’!

आपला माणूस येतो, ओटी टेस्ट करतो, नळीतलं पाणी पिवळं झालं की वहीत टिक करून जातो. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडलं, काम संपलं. आता हिशेब ऐका. लिटरमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे याच्या पाचपट क्लोरीन असलं तर ई-कोलाय मिनिटाच्या आत मरतो. जिआर्डियाला साधारण ४५ मिनिटं लागतात. क्रिप्टोस्पोरिडियमला १५,३०० मिनिटं, म्हणजे दहा दिवसांहून जास्त. आणि आजारी पडायला असे दहा कवचबंद जंतू पोटात गेले तरी पुरतात. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे ४ लाख ३ हजार माणसं आजारी पडली. तिथे गाळण्यात कसर राहिली होती. इथे गाळून झालेल्या पाण्यात आपण गटार मिसळता. पाणी तासभर येतं. उरलेले २३ तास पाइप रिकामा, बाहेर गटार तुडुंब, आणि मध्ये ती ट्यूबची पट्टी.

आयएस १०५०० या मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय नसावा असं आहे, तसंच १० लिटरमध्ये जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम नसावेत असंही आहे. ही दुसरी तपासणी आमच्या भागात कधी झाली? माहिती अधिकारात विचारलं, तर उत्तर आलं, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ पाणी उकळून प्या, हा सल्ला मात्र संकलित स्वरूपात तयार असतो. सिलिंडरचे पैसे पाणीपट्टीतून वळते करणार का? शाळेत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देता, फोटो छापून आणता. ती गोळी जंतांवर आहे. फुटक्या लाइनवर तिचा उपाय चालत नाही.

नारूवर लस नव्हती, औषधही नव्हतं. तरी देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, फडक्याने पाणी गाळायला शिकवलं. सरकारी खात्यांनीच केलं ते. तुम्हाला फक्त एक पाइप गटारातून उचलायचा आहे, आणि तेवढंही होत नाही. याला अडचण म्हणत नाहीत, बेपर्वाई म्हणतात.

लाइन गटाराबाहेर काढा. नमुना टाकीवरून नको, गल्लीच्या शेवटच्या नळातून, पाणी सुटल्याबरोबर घ्या. त्यात जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियमही तपासा. निकाल प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा.

उत्तर लेखी द्या, आणि सही कनिष्ठ अभियंत्याची नको, आपली हवी. यानंतर कोणाचं पोर सलाइनवर गेलं, तर ते पत्र घेऊन आम्ही तुमच्या दारात नाही, पोलीस ठाण्यात जाऊ.

पाणीपट्टी वेळेवर भरणारा,
एक नागरिक