आधी रंग विचारतात

विरार लोकलच्या महिला डब्यात समोरची कॉलेजची मुलगी गाल आत ओढून सेल्फी काढत होती; काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. बघून पोटात कालवलं. १९७५ साली आलेल्या ‘फेअर ॲण्ड लव्हली’नं २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला, पण आपल्याकडे स्थळ सुचवणाऱ्या मावश्या अजूनही आधी रंग विचारतात, मग अंगकाठी. शिक्षण, नोकरी त्यानंतर. वसई रोडला फलाटावर पाचूबंदरकडची एक कोळीण उभी होती: उन्हानं रापलेले भरदार दंड, हिरव्या बांगड्या, अंबाड्यात अबोली, भरली पाटी एकटीनं डोक्यावर चढवून ताठ मानेनं निघाली. पोरी, बाहेर बघ, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गाडी सुटली, आणि मुलीनं पुन्हा मोबाइल उचलला.