संगणक ‘गेला’ म्हणण्यापूर्वी

रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसला नाही, म्हणून जाणता मुनीम वह्या टाकून देत नाही. तो एकेक नोंद ताडून पाहतो आणि चूक बहुधा एकाच ओळीत सापडते. पेढीवरचा संगणक अडू लागला की मात्र हा विवेक सुटतो आणि ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ हा सल्ला निमूटपणे मान्य होतो.

गोंदियातील भात गिरणीची एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. महिन्याची २० तारीख, जीएसटीचे मासिक विवरण भरायचे आहे. संगणक सुरू होतो, पण पोर्टल उघडत नाही. बँकेचे संकेतस्थळही सुरक्षिततेची सूचना देऊन थांबते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती काही वर्षांपूर्वीची असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी, ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता मोठी. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. तारीख चुकली की संकेतस्थळाचे प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे भासते आणि जोडणी नाकारली जाते. उपाय अगदी किरकोळ खर्चाचा.

अर्धवट बिघाडांची लक्षणे अशीच बोलकी असतात. संगणक अर्ध्या तासाने बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, तर आधी पंखा पाहावा. गिरणीच्या परिसरात कोंड्याची बारीक धूळ त्यात साचते आणि विदर्भाचा उन्हाळा उरलेली कसर भरून काढतो. सुरू करताच बीप वाजतात आणि पडदा काळा राहतो, तेव्हा रॅमची पट्टी सैल झाली असण्याचा संभव असतो. मोठी मोटर सुरू होताच संगणक बंद पडतो, तर यूपीएसची बॅटरी किंवा वायरिंग तपासून घ्यावे. दोष दुकानात गेल्यावर लपतो, हीच खरी अडचण. म्हणून केव्हा, कोणते काम चालू असताना, किती वेळाने बिघाड झाला, हे कागदावर टिपून ठेवावे. ही टिपणे कारागिराला अर्धी वाट दाखवतात.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, फायली उघडायला विलंब लागू लागला, तर मात्र प्रयोग करत बसू नये. आधी हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही, हेही पाहावे. ‘फॉरमॅट करावे लागेल’ या सल्ल्याला प्रत हाती येईपर्यंत होकार देऊ नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. यंत्र नवे मिळते, पुसलेली खतावणी मिळेलच असे नाही.

दुरुस्तीचा सल्ला पारखायला चार प्रश्न पुरेसे आहेत. दोष याच भागात आहे, हे कशावरून ठरवले? दुसरा चालू भाग लावून पाहिला का? एका वेळी एकच भाग बदलला का? काढलेला भाग परत मिळेल का? दोन भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनी दुखावत नाही. ग्राहकानेही न्यायाने वागावे. तपासणी फुकट मागितली की तिचे मोल भागांच्या किमतीतून वसूल होण्याचा मोह निर्माण होतो. तपासणीचे शुल्क वेगळे आणि आनंदाने द्यावे.

संगणक दुकानात देताना मॉडेल, अनुक्रमांक, रॅम व डिस्कची क्षमता पावतीवर लिहून घ्यावी; खर्चाचा अंदाजही लेखी असावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वा सेवा सामान्यतः बसत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांनाच सवलत आहे. म्हणजे पेढीच्या मालकाची मदार मुख्यतः त्या कागदावरच राहते.

ताळेबंद जुळला म्हणजे चूक नाहीच असे नव्हे, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. दोन चुका एकमेकींना झाकतात. दुरुस्त होऊन आलेला संगणक सुरू झाला, एवढ्यावर तो निर्दोष मानू नये. आठवडाभर नेहमीचे काम त्यावर करून पाहावे आणि मगच जुनी प्रत बाजूला ठेवावी.