58 पूर्ण, काम चालू. मग पेन्शनचे काय?

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांत, कुडाळच्या एमआयडीसीत आणि मुंबईच्या चाकरीत आपले कितीतरी बंधू-भगिनी वयाची 58 वर्षे ओलांडूनही राबत आहेत. ‘काम सुटल्यावर पेन्शनचे बघू,’ असे वाडीवाडीत ऐकू येते. या समजुतीपायी घरात येणारा पैसा अडून राहतो, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

पीएफमधील मालकाच्या वाट्यातून 8.33 टक्के रक्कम 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जाते. कामगाराला 58 वर्षे पूर्ण झाली की हा भरणा थांबतो आणि मालकाचा सारा वाटा पीएफमध्ये जमा व्हायला हवा. योजनेत किमान 10 वर्षे सेवा झाली असेल, तर नोकरी चालू असतानाही पेन्शन मिळते. मात्र ती आपोआप येत नाही. 10-डी फॉर्म भरून मागावी लागते. पेन्शन घेतली म्हणून पीएफ काढण्याची सक्ती नाही.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार 14,000 रुपये आणि सेवा 15 वर्षे असेल, तर दोहोंचा गुणाकार करून 70 ने भागावे. दरमहा 3,000 रुपये होतात.

पेन्शन 60 पर्यंत लांबवता येते. दर वर्षामागे 4 टक्के वाढ मिळते. म्हणजे नवा भरणा न करता थांबल्यास महिना सुमारे 240 रुपये जास्त. पण दोन वर्षांचे 72,000 रुपये हातचे जातात, आणि ते भरून यायला सुमारे 25 वर्षे लागतात! कष्टाने झिजलेल्या देहाने एवढी वाट का पाहावी?

मिळकतीचा चौथा भाग अडीअडचणीसाठी राखावा, असा उपदेश तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला केला आहे. आपला पीएफ हाच तो चौथा भाग. लग्नाच्या मांडवात तो उधळू नका.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगाराने हक्क मागून घ्यावा, मेहेरबानीची वाट पाहू नये, हीच त्यांची शिकवण. तेव्हा येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच शिकल्या-सवरल्या मुलांनी वडीलधाऱ्यांची पासबुके उघडावीत. आधार आणि पीएफमधील जन्मतारीख, नाव जुळते का ते पाहावे. चूक असल्यास आधी दुरुस्त करावी, मग फॉर्म भरावा.

जयभीम!