घोडा श्रीमंतांचा, उपचार कोणाचा?

घोडा म्हटला की आपल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे सरंजामदार, गोरा साहेब किंवा शर्यतीचा जुगार उभा राहतो. म्हणूनच रुग्णांच्या पुनर्वसनासाठी घोडेस्वारीचा उपयोग करावा, अशी सूचना येताच 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून ती झटकली जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली गरोदरपणी पोलिओ झाला. गुडघ्यांखालची शक्ती कायमची गेली; घोड्यावर चढण्या-उतरण्यास दुसऱ्याचा आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाच्या ड्रेसाज स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. १९५६ साली पुन्हा मिळविले. १९४८ पर्यंत ही स्पर्धा लष्करी अधिकाऱ्यांची मिरासदारी होती. साध्या सार्जंटलाही तेथे मज्जाव होता. दार उघडले, तेव्हाच हे कर्तृत्व जगाला दिसले.

या उपचारात चमत्कार काही नाही. चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कमरेला माणसाच्या चालण्यासारखीच हालचाल देते. त्यातून धडाचा तोल सुधारण्यास मदत होते. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या बाबतीत याचा विशेष अभ्यास झाला आहे. मूळ आजार याने बरा होत नाही आणि फिजिओथेरपिस्टवाचून हे काम चालत नाही, हेही तितकेच खरे.

मग अडते कोठे? दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचे कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते. पण आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत! जबाबदारी निसटून जाण्यास एवढी फट पुरेशी आहे. अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मी विचारतो, ही क्षमता मोजायची कशी? मुंबईत महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकर सार्वजनिक जमिनीचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. २०२४ साली १२० एकर उद्यानासाठी घेऊन उरलेली जमीन शर्यतींच्या क्लबकडेच ठेवण्याचा निर्णय झाला. शर्यतीचा तापट घोडा रुग्णांच्या कामाचा नाही, हे मान्य. परंतु जेथे तबेले आहेत, मोतद्दार आहेत, तेथे चार शांत घोडे पोसणे अवघड आहे काय? सार्वजनिक जमीन वापरणाऱ्याने सरकारी रुग्णालयांतून आलेल्या रुग्णांसाठी आठवड्याचे काही तास विनामूल्य राखून ठेवावेत, ही मागणी अवाजवी कशी?

साथींनी ती निःसंकोचपणे मांडावी. तिच्याआधी प्रत्येक तालुका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट मागावा. गरिबाला जगवले की समाजाचे कर्तव्य संपले, हा विचार आपण स्वीकारता कामा नये. आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा ताठ बसता यावे, हा त्याचा हक्क आहे.