पान्याआधी पेन : मिलिटरी ट्रकची बॉडी उतरवण्याआधी चार हिशेब



सध्या मोबाईलवर एक रील जोरात फिरते आहे. हिरवा मिलिटरी ट्रक, मागे धूळ, आणि खाली ओळ : "लिलावात मातीमोल भावात घेतला." ती बघून आपल्या जिल्ह्यातली पोरं विचारतात, "भाऊ, असा ट्रक घेतो, मागची बॉडी काढतो, पाण्याची टाकी चढवतो. उन्हाळ्यात टँकरचा धंदा पक्का. बॉडी कशी काढायची तेवढं सांगा."

बॉडी कशी काढायची ते सांगतो. पण माझं मत आधी ऐका. बॉडी काढणं हे मेकॅनिकचं काम नंतर आहे, आधी ते मालकाचं काम आहे. पहिला बोल्ट सैल करण्याआधी कागद, गिऱ्हाईक, वजन आणि उचलण्याचा खर्च हे चार हिशेब वहीत लिहिलेले नसतील, तर तो धंदा नाही, हौस आहे. हौस वाईट नाही. फक्त ती कर्ज काढून करू नका.

पहिला हिशेब : कागद

शेजारी वर्धा जिल्ह्यात पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, त्यामुळे आपल्याकडे फौजेची गाडी काही नवलाची नाही. पण गाडी रोज दिसते म्हणून ती ओळखीनं मिळते असं नाही. सरकारी जुनी वाहनं लिलावात निघतात. एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी असे ई-लिलाव चालवते. "साहेब ओळखीचे आहेत, ॲडव्हान्स द्या" असं कोणी म्हणाला की तिथूनच परत फिरा.

लिलावाचा नियम असतो "जसं आहे, जिथं आहे". इंजिन जाम निघालं तर नशीब तुमचं. बोलीच्या रकमेवर कर वेगळे. अनामत आधी भरायची. उचलायची मुदत चुकली तर जागेचं भाडंही लागतं. म्हणून बोली किती लागली हे विचारू नका. गाडी आपल्या दारात येईपर्यंत एकूण किती लागले ते विचारा.

आता मोठा प्रश्न : हा ट्रक रस्त्यावर चालणार का? केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 47 प्रमाणे लष्कराच्या जुन्या गाडीच्या नोंदणीला संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म 21 मध्ये. झेरॉक्स चालत नाही. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही, त्या भंगारात काढायच्या असतात. लष्कराच्या मोहिमेवरच्या खास वाहनांना यातून सूट आहे. पण ती सूट फौजेच्या वापरासाठी आहे, तुमच्या टँकरसाठी नाही. लिलावाच्या यादीत गाडी "भंगार" म्हणून निघाली असेल, तर ती नोंदणीकृत भंगार केंद्रासाठीच असू शकते. म्हणून यादीतला प्रत्येक शब्द वाचा. नाही समजला तर बोली लावू नका.

गाडीला नंबर मिळाला तरी काम संपत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकानं परस्पर करायचा नाही. मालवाहू बॉडी काढून टाकी बसवणं हा तसाच बदल. परवानगीशिवाय केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 182अ कलमाखाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून बोली लावण्याआधी आपल्या एमएच-29 च्या कार्यालयात जा, लॉटचे फोटो आणि तपशील दाखवा, आणि विचारा : "याची नोंदणी होईल का, आणि टँकर म्हणून होईल का?" एका फेरीचं पेट्रोल हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

दुसरा हिशेब : गिऱ्हाईक

दुसऱ्या महायुद्धानंतर फिलिपिन्समध्ये अमेरिकन फौजेच्या जीप मागे राहिल्या. तिथल्या लोकांनी त्यांची मागची बाजू लांबवली, समोरासमोर बाकडी टाकली, वर छप्पर घातलं आणि प्रवासी वाहतूक सुरू केली. तीच जीपनी, आजही तिथं धावते. जीप स्वस्त मिळाली हे खरं. पण धंदा चालला तो गाडीमुळे नाही, रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रवाशांमुळे.

आपल्याकडे लोक उलट करतात. गाडी दिसली की घेतात, मग गिऱ्हाईक शोधतात. वणीला कोळसा खाणी आहेत, गावोगावी जिनिंग आहेत, उन्हाळ्यात पाण्याची ओरड आहे, रस्त्यांची कामं चालू आहेत. काम भरपूर आहे, मान्य. पण तुमच्या गाडीला ते काम कोण देणार? दोन ठेकेदारांची नावं, महिन्याचे दिवस आणि दर वहीत लिहा. नावं नसतील तर बॉडीला हात लावू नका. बॉडी असलेला ट्रक निदान ट्रक म्हणून विकता येतो. उघड्या चेसिसला गिऱ्हाईक शोधायला चपला झिजतात.

आणि सुटे भाग? शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा. त्याचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. त्यानंतर फौजेत अशोक लेलँडचा स्टॅलियन आला. भाग कुठं मिळतात आणि कोण बसवतो, याचं उत्तर गाडी घेण्याआधी हवं.

तिसरा हिशेब : वजन

"सात-आठ पोट्टे लावू, उचलून टाकू." हे वाक्य मी दुकानात उभा राहून खूपदा ऐकतो. चला, गणित करू. 3 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा एका चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो भरतो. फरशी 4 मीटर बाय सव्वादोन मीटर धरा, म्हणजे 9 चौरस मीटर. नुसता फरशीचा पत्राच 210 किलोच्या वर गेला. त्याखालचे चॅनल, बाजूचे फाळके, मागचं फाटक, ताडपत्रीच्या कमानी, टूलबॉक्स हे सगळं अजून बाकी आहे. पूर्ण बॉडी टनाच्या पुढं गेली तर आश्चर्य नको.

अंदाज नको असेल तर आपल्याकडे काट्यांची कमी नाही. गाडी काट्यावर घ्या. आधी पूर्ण वजन, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. बॉडी उतरल्यावर पुन्हा तसंच. दोन पावत्यांमधला फरक म्हणजे बॉडीचं खरं वजन. हीच पावती पुढं टाकी ठरवताना कामाला येते. 6,000 लिटर पाणी म्हणजे सहा टन, टाकीचं वजन वेगळं. फौजेत ज्याला "थ्री टन" म्हणतात त्या वर्गाच्या गाडीवर सहा टन चढवून गाडी सुटते, पण उतारावर थांबत नाही.

चौथा हिशेब : उचलायचं कसं

माझं दुकान हार्डवेअरचं. चेनब्लॉक, पट्टे, जॅक मी विकतो. तरी सांगतो, एका बॉडीसाठी हे विकत घेऊ नका. दोन तासांसाठी हायड्रा क्रेन भाड्यानं आणा.

क्रेन येण्याआधी तुमची तयारी पूर्ण पाहिजे, नाहीतर ती उभी राहून भाडं खाते. बॅटरीच्या वायरी काढा. टेल लाइटची वायर, मडगार्ड, स्पेअर चाक, जे जे बॉडी आणि चेसिस दोन्हींना धरून आहे ते सोडवा. प्रत्येक जोडाचा फोटो काढा. यू-बोल्टच्या नटांवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवायचं तेल मारत राहा. काही गाड्यांत बॉडी स्प्रिंगवर बसवलेली असते. तो बोल्ट सुटताना झटका देतो, तोंड जवळ नेऊ नका.

गॅस कटर शेवटचा उपाय. तोही नटावर चालवा, चेसिसवर नाही. चेसिसचं लोखंड तापलं की कमजोर होतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही. डिझेल टाकी आणि ब्रेकचे पाइप बाजूलाच असतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याचा धूर छातीत जातो. आणि धंद्याचं सांगतो : बोल्ट सोडून काढलेली बॉडी बॉडी म्हणून विकते, शेतात गोदामासारखी वापरायला कोणी घेतो. कापली की किलोच्या भावानं गेली.

आता पट्टा. हे चित्र काढून समजून घ्या. 1,200 किलोची बॉडी दोन पट्ट्यांनी उचलली, आणि पट्टे आडव्या रेषेशी 60 अंशात असले, तर प्रत्येक पट्ट्यावर सुमारे 700 किलो ताण येतो. तेच पट्टे आखूड घेतले आणि कोन 30 अंशांवर आला, तर प्रत्येकावर पूर्ण 1,200 किलो. बॉडी तीच, क्रेन तीच, ताण पावणेदोन पट. चार पट्टे लावले तरी हिशेब दोनांचाच धरा, कारण कडक बॉडीत भार चौघांवर सारखा पडत नाही. आधी वीतभर उचला, थांबा, कुठला बोल्ट अडकलाय का बघा. दोन बाजूंनी दोऱ्या धरून बॉडी वळवा, हातानं नाही. खाली कोणीही नाही, मालकसुद्धा नाही.

"आमचे मिस्त्री वीस वर्षांपासून जॅक आणि ड्रमवर काढतात," असं काही जण म्हणतील. बरोबर आहे, तीही पद्धत आहे. चारही कोपरे थोडे थोडे उचलायचे, प्रत्येक टप्प्यावर लाकडी ठोकळे, मग आडव्या बीमवर बॉडी ठेवून खालून गाडी बाहेर काढायची. पण त्याला सपाट काँक्रीट लागतं. आपली काळी माती जॅकला धरत नाही. पावसात दाबते, उन्हाळ्यात भेगाळते. एक जॅक दोन इंच खचला की टनाची बॉडी तिरकी होते, आणि ती कोणाकडे झुकेल हे मिस्त्रीच्या अनुभवाला विचारत नाही. रिकामे ड्रम तर आधारासाठी नाहीतच.

पैशाचं बघू. समजा क्रेनला 4,000 रुपये लागले. आठ पोरं 500 रुपयांनी लावली तरी 4,000 च झाले. मग वाचलं काय? आणि एखाद्याचा पाय गेला तर? कामावरच्या इजेच्या भरपाईची तरतूद कायद्यात 1923 पासून आहे. कामावर इजा झाली तर जबाबदारी मालकाची. "तो स्वतःहून मदतीला आला होता" हे त्याच्या बायकोसमोर उभं राहून म्हणता येईल का, ते आधी मनाशी ठरवा. दुसऱ्याच्या हाडांवर काढलेली बचत मी नफ्यात धरत नाही. कॉलेजात बीबीएला खर्चाचे प्रकार शिकवतात, त्यात हा कुठं येत नाही. पण गॅरेजमध्ये सगळ्यात आधी हाच खर्च येतो.

मग घ्यायचा की नाही?

घ्या. जुन्या फौजी गाड्या दणकट असतात, आणि विचार करून घेतली तर कमावूनही देते. मी फक्त क्रम बदला म्हणतो. आज वहीचं एक पान घ्या आणि चार ओळी लिहा : नोंदणीबद्दल परिवहन कार्यालय काय म्हणालं. काम देणाऱ्या दोघांची नावं आणि दर. काट्याची पावती मिळणार कुठं, आणि वर चढणार किती टन. क्रेन कोणाची, जागा कोणती, भाडं किती.

चारही ओळी भरल्या तर बेलाशक पाना हातात घ्या. एक जरी रिकामी राहिली तर ट्रक लिलावातच राहू द्या. पुढचा लिलाव येईलच, तोवर तुमचं भांडवल तुमच्या खिशात आहे.