विश्लेषण : मूर्ती दुभंगली, माळ तुटली… मग आशीर्वाद उरतो का?

घोडपदेव, माझगाव, भायखळा या पट्ट्यातील जुन्या चाळी एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना इथल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास येतो. आजीच्या वेदीवरची हात तुटलेली मारियामातेची मूर्ती, मणी गळालेली जपमाळ, खिळा निसटलेला क्रूस… यांचे करायचे काय? फादरांनी आशीर्वाद दिलेली वस्तू कचऱ्यात टाकायला हात धजावत नाही. मग ती गुपचूप रस्त्याकडेच्या क्रुसाच्या पायथ्याशी ठेवली जाते आणि पावसात भिजत राहते.

चर्चचा कायदा काय सांगतो?

कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत याचे उत्तर नेमके होते. वस्तू इतकी मोडली की तिचे मूळ रूपच गेले आणि ती आपल्या कामाची राहिली नाही, तर आशीर्वाद संपतो. अनुचित कामासाठी वापरली किंवा खुल्या विक्रीला मांडली, तरीही संपतो. मिस्साच्या पेल्याचा सोन्याचा मुलामा उडाला किंवा नव्याने चढवला, तर मात्र त्याचे पावित्र्य जात नाही, असेही त्यात स्वतंत्रपणे म्हटले होते. १९८३ च्या नव्या संहितेत वस्तूंबाबतचा हा नियम राहिला नाही. त्यात पवित्र वस्तूंचा आदर राखावा, एवढेच सांगितले आहे. ‘बहुतांश नष्ट झाल्यास किंवा कायमची अन्य कामाला दिल्यास आशीर्वाद जातो’ हा निकष आता पवित्र जागांसाठी आहे. धर्मगुरू वस्तूंनाही ढोबळमानाने तोच लावतात.

म्हणजे टवका उडाला, रंग गेला, बोट तुटले, तर काही बिघडत नाही. माळेचा दोरा तुटून ती पुन्हा ओवली, चार मणी बदलले, तरी ती तीच माळ. निम्म्याहून अधिक मणी नवे घातले, तर फादरांकडून पुन्हा आशीर्वाद घ्यावा. तसा तो शंका वाटली तरी घेता येतो. त्याला कुठलीच आडकाठी नाही.

मूर्तीत देवत्व असते का?

इथे मराठी वाचकाला कोल्हापूर आठवेल. २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचे संवर्धन करण्याआधी देवीचे तत्त्व विधिपूर्वक कलशात नेले गेले होते. कॅथलिक परंपरेत अशी पायरीच नाही, कारण तिथे प्राणप्रतिष्ठा नाही. सन ७८७ च्या निकिया परिषदेने सांगितले की, प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत ज्याचे रूप आहे त्याला पोहोचतो. सोळाव्या शतकातील ट्रेंट परिषदेने तर प्रतिमेत देवत्व वा शक्ती वसते असे मानू नये, असे बजावले. त्यामुळे मूर्ती भंगणे हा कॅथलिकांच्या लेखी अपशकुन नाही. घरात भंगलेली मूर्ती ठेवू नये, हा धाक शेजारधर्मातून आलेला दिसतो, चर्चचा नव्हे.

याचे मुंबईतले सर्वांत बोलके उदाहरण वांद्र्याच्या माउंट मेरीचे. सन १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी त्या मूर्तीचा उजवा हात तोडला, अशी परंपरा आहे. मूर्ती टाकून दिली गेली नाही. ती दुरुस्त होऊन आज बॅसिलिकेत मानाच्या जागी आहे आणि सप्टेंबरच्या जत्रेत सर्व धर्मांचे लोक तिच्यापुढे मेणबत्त्या लावतात.

कोणी मुद्दाम तोडफोड केली तर?

तो वेगळा प्रश्न आहे. जानेवारी २०२३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या दफनभूमीतील क्रूस तोडले गेले. अशा वेळी क्रुसाचा आशीर्वाद गेला का, यापेक्षा जागेचा भंग झाला का, हे पाहिले जाते. कृत्य इतके गंभीर आहे का, हे बिशप ठरवतात. तसे असेल तर प्रायश्चित्तविधी होईपर्यंत तिथे उपासना होत नाही. जागेचे पावित्र्य कायमचे पुसले जात नाही.

विकत घेतलेल्या वस्तूचे काय?

चोरबाजारात जुने लाकडी क्रूस, संतांच्या मूर्ती सहज मिळतात. आशीर्वादित वस्तू विकली की तिच्याशी जोडलेली दंडमाफीची कृपा संपते, हा नियम आजही कायम आहे. म्हणूनच माळ आधी विकत घेतात आणि मग आशीर्वादासाठी नेतात. जुन्या बाजारातून घरी आणलेल्या क्रुसालाही नव्याने आशीर्वाद घ्यावा लागेल.

दुरुस्त न होणाऱ्या वस्तू कुठे द्यायच्या?

जाळावे किंवा पुरावे, ही रूढ पद्धत. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या फांद्यांची राख पुढल्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळी लावतात, ती याच रीतीतली. कागदी चित्रे, कापड, लाकूड जाळून राख मातीत मिसळावी. पवित्र पाणी गटारात नव्हे, झाडाच्या बुंध्याशी ओतावे. प्लास्टरची मूर्ती मात्र समुद्रात सोडू नये. गणपतीच्या बाबतीत आपण पाहिलेच आहे, ते विरघळत नाही. तिचे आकार ओळखू न येईल असे तुकडे करून पुरणे योग्य. सोळाव्या मजल्यावर राहायला गेलेल्यांना पुरायला माती कुठून मिळणार, ही अडचण खरी आहे. अशांनी क्रुसाच्या पायथ्याशी गाठोडे सोडून येण्यापेक्षा आपल्या पॅरिशच्या कार्यालयात विचारावे. चर्चच्या आवारात किंवा दफनभूमीत तेवढी माती असते.